गिरणीला दृष्टी हवी

तुमची पिठाची गिरणी आहे. बरी चालते. सकाळी सातला शटर वर, दुपारी दीड ते चार झोप, मग पुन्हा घरघर. पोरांची शिक्षणं झाली, घरावर स्लॅब पडला. आणि एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही व्हिजन स्टेटमेंट लिहिलं नाही? मग इतकी वर्षं नुसतं दळत काय होतात?

घाबरू नका. आमच्या गल्लीतल्या अण्णांना नुकतंच लिहून दिलं, तुमचंही होईल. आधी एक भाचा लागतो. पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेला उत्तम; पहिल्या वर्षाचे अजून प्रश्न विचारतात. दगडाला टाकी कशी लावतात हे त्याला ठाऊक नसावं. ठाऊक असलं की माणूस दगडाबद्दल बोलत बसतो आणि व्हिजन राहूनच जातं.

मग शब्द. गहू, पीठ, दळण, डबा हे चुकूनही येता कामा नयेत. अण्णांचं वाक्य आम्ही असं बेतलं : ‘गुणवत्ता, नावीन्य व विश्वास या मूल्यांच्या बळावर ग्राहककेंद्री, सर्वसमावेशक आणि शाश्वत पोषण-परिसंस्था उभारणारी जागतिक दर्जाची अग्रगण्य संस्था बनणे.’ हेच वाक्य पतसंस्थेला, दातांच्या दवाखान्याला आणि बोअरवेलवाल्याला एक अक्षर न बदलता चालतं, यावरून त्याचा दर्जा ओळखा. अण्णांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “यात गिरणी कुठंय रे?”

“मामा, ती गृहीत आहे.”

आता गुणवत्तेचं म्हणाल, तर अण्णा पडत्या पिठाखाली हात धरतात, चिमूट घेऊन अंगठ्यानं बोटावर चोळतात आणि रवाळ लागलं की चाक जरासं आवळतात. भाकरीचं वेगळं, पुरणपोळीचं वेगळं, चकलीच्या भाजणीचं त्याहून वेगळं. हे मात्र लिहू नका. हे कुणालाही समजतं.

मोठ्यांचा कित्ता गिरवायचा असेल तर जपून. मायक्रोसॉफ्टचं एक जुनं वाक्य आहे, प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात एक संगणक. भाच्यानं टेबल काढलं, संगणक खोडला आणि लिहिलं, ‘प्रत्येक घरात एक गिरणी’. पेंटरकडे मजकूर द्यायच्या आदल्या रात्री अण्णा दचकून उठले. समोरच्या सोसायटीत अकरा घरघंट्या आल्यापासून त्या अकरा घरांतून फक्त दिवाळीची भाजणी येते. म्हणजे व्हिजन आपोआपच पुरं होत आलेलं, अण्णांनी शटर ओढायचं तेवढं बाकी!

लिज्जतचं उदाहरण तर अजिबात घेऊ नका. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेतले, गच्चीवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोटा झाला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, एवढं ठरवून बायका कामाला लागल्या. ‘अग्रगण्य’ कुठेच नाही.

साल घालायला विसरू नका. २०३० नको, फार जवळ आहे, लोकांच्या लक्षात राहतं. २०४७ घ्या. विकसित भारतासाठी सरकारनंही तेच धरलंय, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. अण्णा तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे असतील, जाब विचारायला येणाऱ्यालाच संकोच वाटेल. आकडाही दांडगा असू द्या. उद्यम नोंदणीत तुम्ही ‘सूक्ष्म’ आहात म्हणून बिचकू नका. १ एप्रिल २०२५ पासून उलाढाल १० कोटींपर्यंत गेली तरी, गुंतवणूक अडीच कोटींच्या आत असली म्हणजे, माणूस सूक्ष्मच राहतो. अण्णांनी हे नीट ऐकू यावं म्हणून मोटार बंद केली होती. ऐकून झाल्यावर पुन्हा चालू केली.

पाटी लागली की खाली लिंबू-मिरची बांधा. एवढी मोठी दृष्टी, तिला दृष्ट लागायला किती वेळ?

राहता राहिला जागेचा प्रश्न. दारावर आधीचीच एक पाटी होती : ‘ज्वारी-बाजरी सकाळी. गहू चारनंतर. उपवासाचं दळण सोमवारी. लाईट गेल्यास डबा ठेवून जावे.’ दूरदृष्टीचा लवलेश नाही. ती काढली आणि तिच्या जागी २०४७ लटकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक काकू राजगिऱ्याचा डबा काखेत घेऊन आल्या. परिसंस्थेपासून अग्रगण्यपर्यंत सगळं वाचलं. “अण्णा, छानच लिहिलंय हो. पण राजगिरा कधी लावणार?”

अण्णांनी कानावरचा खडू काढला, डब्यांवर नावं घालतात तोच, आणि ‘जागतिक दर्जाची’च्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘उपवासाचं सोमवारी’. संध्याकाळपर्यंत बाजरी, गहू आणि लाईटही आली.

भाच्यानं फोटो मागवून घेतला. म्हणतो, असू दे मामा, हे आपण मिशनमध्ये घेऊ.