पाणाड्याचा नारळ आणि काल रात्रीचा कट्टा

काल कोथरूडच्या कट्ट्यावर चहा दोनदा झाला तरी कोणी उठेना, कारण विषय निघाला सुहासच्या सोसायटीच्या बोअरचा. बावधनला राहतो तो, उन्हाळा लागला की टँकरशिवाय भागत नाही, म्हणून दुसरी बोअर मारायचं ठरलंय आणि जागा दाखवायला मुळशीकडचा एक पाणाड्या येणारे, तळहातावर नारळ धरून जमिनीत पाणी कुठे आहे ते सांगणारा. पहिली बोअर एका कन्सल्टंटने मशीन लावून सांगितलेली, ती कोरडी गेली, पैसे पाण्यात म्हणावं तर पाणीपण नाही. त्यामुळे सुहास तापलेलाच होता, "तुमचं सायन्स फेल गेलं ना, मग आता आमच्या माणसाला चान्स द्या की."

रश्मी भूजलातच काम करते, तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, अरे पुण्याखाली काळा पाषाण आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक, त्या अखंड दगडात पाणी नसतंच, असतं ते भेगांत, दोन थरांच्या सांध्यात आणि वरच्या मुरमात. म्हणून इथे पाणी लागतं आणि पन्नास फुटांवर नुसती धूळ उडते. आम्ही जमिनीत सळ्या ठोकून करंट सोडतो, ओल असेल तिथे विरोध कमी येतो, त्यावरून अंदाज बांधतो, आणि अशा दगडात तो अंदाज चुकतोही. पण चुकला तर ती कोरडी बोअर खोलीसकट नोंदली जाते, पुढच्या वेळी तीच उपयोगी पडते.

"मग पाणाड्याचापण अंदाजच समज ना," सुहास म्हणाला. "गावाकडच्या सगळ्या विहिरी त्यानेच दाखवल्यात."

मी म्हटलं, आणि फेल गेलेल्या कोण मोजतं रे? पाणी लागलं की पाणाड्याचं नाव, नाही लागलं तर अजून पन्नास फूट जायला हवं होतं, नाहीतर ड्रिलवाल्याने जागा हलवली, नाहीतर झऱ्याने वाट बदलली. मला एवढंच सांग, काय झालं तर तो चुकला असं तू म्हणशील? याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि माझं सगळं भांडण तिथेच आहे. मशीन आणि नारळ हा फरक नाहीये, मशीन लावूनपण लोक थापा मारतात. चूक कशाला म्हणायचं ते आधी सांगून ठेवलंय का, आणि झालेली चूक मोजली का, एवढं मी बघतो.

मग त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तळहातावर आडवा नारळ, शेंडी पुढे, म्हातारा सावकाश चालतोय आणि एका जागी नारळ सरळ उभा राहतो. भारी वाटतं बघताना, खोटं कशाला बोलू. पण परत लावून फक्त मनगटाकडे बघितलं तर नारळ उठायच्या आधी तळवा किंचित कलतो. तो बाबा फसवत नाहीये हां, त्याला खरंच वाटतं की नारळ आपोआप उठला. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, विल्यम कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्येच हे मांडलं होतं. जर्मनीत कासेलला १९९० मध्ये तीसेक पाणाड्यांची चाचणी झाली, जमिनीत अर्धा मीटर खाली प्लास्टिकचा पाइप, त्यातून पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं. पद्धत त्यांना आधी मान्य होती, जमेल याची खात्रीही होती, आणि निकाल निघाला नुसत्या अंदाजाएवढा.

"जर्मनीचं नको सांगू, आपल्याकडचं सांग."

आपल्या पुण्यातलंच आहे की. नारळीकर सर, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे दाभोलकर, फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे आणि विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलं आणि १०० गतिमंद मुलं, त्यांच्या २०० कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० द्यायच्या, त्याने फक्त मूल कुठल्या गटातलं ते सांगायचं. कोणती कुंडली कोणाची हे ज्योतिषाला तर नाहीच, चाचणी घेणाऱ्यांनाही माहीत नाही, म्हणजे चेहऱ्यावरूनसुद्धा हिंट जायला नको. आणि ४० पैकी निदान २८ बरोबर आली तरच काहीतरी आहे असं धरायचं, हे आधीच ठरलेलं. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, उत्तरं आली २७ जणांची, सरासरी ४६ टक्के बरोबर, सगळ्यात चांगला आकडा २४. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आलीच असती. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की कोणाला शिव्या दिल्या नाहीत, दावा ज्योतिषांचाच घेतला आणि मोजला. त्यातल्या दाभोलकरांना २०१३ मध्ये आपल्याच ओंकारेश्वर पुलावर गोळ्या घातल्या, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी टाइमपासचा नाही.

मंदार तेवढ्यात मध्ये पडला, "पण तुमचं सायन्सपण रोज बदलतं यार, आज एक उद्या दुसरं." बरोबर आहे, बदलतंच. लव्हेरिये नावाच्या फ्रेंच माणसाने युरेनसची चाल गणितात बसेना म्हणून पलीकडे एक ग्रह असणार असं सांगितलं आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या दुर्बिणीतून नेपच्यून सापडला, त्याने सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत. पुढे बुधाची चाल बसेना तेव्हा त्यानेच सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह असणार म्हटलं. माणूस तोच, युक्ती तीच, पण शोध शोध शोधला तरी ग्रह काही धड सापडेना. शेवटी १९१५ मध्ये आइन्स्टाइनने ग्रहाशिवायच बुधाचं गणित बसवलं आणि व्हल्कन गेला. एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं सोडून देता येतं, मंदार, हीच तर सगळी ताकद आहे.

सुहास बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला बरं, कराच टेस्ट, पण त्या पाणाड्या काकांचा अपमान होता कामा नये. रश्मी म्हणाली अजिबात नाही, त्यांना सगळं आधी सांगायचं, पटलं तरच करायचं. प्लॉटवर एकदा फिरायचं, ते दाखवतील तिथे आपण खूण न करता वहीत मोजमाप लिहायचं, मग डोळ्यांवर पट्टी बांधून, कुठून सुरुवात ते न कळवता परत फिरवायचं, नाहीतर कोपरे लक्षात राहतात. असं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या टोकांवरून. पाणी काही तेवढ्यात हलत नाही, मग जागा त्याच यायला पाहिजेत ना?

"आणि आल्या तर?"

तर मी तुझ्या सोसायटीच्या मीटिंगला येऊन सांगीन की इथेच मारा, म्हटलं. पण किती फुटांच्या आत आली तर तीच जागा धरायची ते आधी काकांकडूनच घे. तो तिथल्या तिथे फोन लावायला निघाला, रश्मीने थांबवलं, साडेअकरा वाजलेत, सकाळी कर.