पैसा ओतला की बंदूक खाली ठेवतात का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

अशांत भागात विकासाचा पैसा ओतल्याने पोरं अतिरेक्यांकडे जायची थांबत नाहीत, या माझ्या म्हणण्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रिकाम्या पोटीच पोरं बंदूक उचलतात, अमेरिकेने अफगाणिस्तानात निदान रस्ते-शाळा तरी बांधल्या, आणि मी घरबसल्या मदतीला नावं ठेवतो.

आधी पोटाबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने (यूएनडीपीने) २०१७च्या अहवालासाठी आफ्रिकेतल्या अतिरेकी संघटनांत आपणहून गेलेल्या ४९५ जणांशी बोलून घेतलं. नोकरीधंद्याची नड त्यांनीही सांगितली. पण शेवटची ठिणगी कशाने पडली, याला ७१ टक्क्यांचं उत्तर होतं सरकारी कारवाई: भाऊ मारला, मित्राला उचलून नेलं. गावाला विहीर खणून दिल्याने हा हिशेब मिटत नाही.

आता अफगाणिस्तान. मदतीला माझा विरोध नाही, ती ज्या पद्धतीने वाटली गेली त्याला आहे. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवरचा खर्च तपासणाऱ्या अमेरिकेच्याच महानिरीक्षकांचा (सिगारचा) २०१८चा अहवाल वाचा. सर्वात अशांत जिल्हे आधी धरले, तिथे पैसा ओतला आणि किती खर्च झाला यावर यश मोजलं. आपल्याकडच्या 'मार्च एंड'चीच ही गत, फक्त कंत्राटदाराच्या शेजारी बंदूकवाला उभा. काम चालू राहावं म्हणून काही कंत्राटदार तालिबानलाच पैसे चारत. सैन्य निघालं की कामाचा परिणामही फार दिवस टिकत नसे.

याउलट २००३ साली सुरू झालेला अफगाण सरकारचा राष्ट्रीय एकजूट कार्यक्रम बघा. गावाने गुप्त मतदानाने समिती निवडायची, घरामागे सुमारे २०० डॉलर, एका गावाला जास्तीत जास्त ६०,००० मिळणार. पाणी, वीज की रस्ता, हे गाव ठरवणार आणि किमान दहा टक्के वाटा श्रमदानाने, सामानाने किंवा रोख स्वतः उचलणार. समितीत बायकाही. ५०० गावांत याची रीतसर चाचणी झाली: निम्म्या गावांना कार्यक्रम आधी, बाकीच्यांना नंतर. ज्यांना आधी मिळाला तिथे सरकारबद्दलचं मत सुधारलं, हिंसाही घटली. मात्र पाकिस्तान सीमेलगतच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत काहीच फरक पडला नाही. मला तरी याचं कारण उघड दिसतं. लढणारे बाहेरून येत असतील तर त्यांना गावाच्या मर्जीची पर्वा कशाला?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जिथे निदान थोडी शांतता आहे तिथून सुरुवात करा, हळू आणि कमी पैशात, गावाच्या हाताने. भडकलेल्या जिल्ह्याला सर्वात मोठी थैली दिली, तर शेजारच्या शांत जिल्ह्याने त्यातून काय धडा घ्यावा?

राहिलं 'मग भारताचं सलमा धरणही फुकटच गेलं का?' हे. मुळीच नाही. भारताने अफगाणिस्तानात उभारलेलं, २०१६ साली उद्घाटन झालेलं ते धरण तिथल्या हेरात प्रांताच्या वीज-पाण्यासाठी बांधलं होतं, तालिबानकडे जाणारी पोरं अडवायला नव्हे. त्याला या मापाने मोजायचंच कशाला?