तांबडा रस्सा, १५० मिली

आमच्या भटारखान्यात वजनकाटा आला तेव्हा मला वाटलं, मटण तोलायला आलाय. कसायानं तोलून दिलेलं घरी येऊन पुन्हा तोलायचं ही आमच्या कोल्हापूरची रीतच, म्हणून मी खूश झालो. पण छोट्या मालकांनी त्यावर मिठाची वाटी ठेवली आणि म्हणाले, "वस्ताद, पांढऱ्या रश्शात किती मीठ घालताय ते लिहून घ्यायचंय."

"लागंल तेवढं."

"तेवढं म्हणजे किती?"

"कमी पडू नये इतकं."

छोटे मालक पुण्यातून हॉटेल मॅनेजमेंट करून आलेत. पोरगं गुणी आहे, मला वाकून नमस्कार करतं आणि सरळ उभं राहिलं की ग्रॅममध्ये बोलतं. त्याला मी समजावलं, मटणाचं आळणी पाणी किती आटलंय, नारळ कोवळा निघाला की जून, खसखस किती पडली, यावर मीठ ठरतं. त्यानं ऐकून घेतलं आणि प्रत्येक पातेल्याला किती ग्रॅम पडलं ते टिपलं. दर वेळी आकडा वेगळा. मग त्यानं सरासरी काढली. सरासरीचा रस्सा स्टाफच्या जेवणात निघाला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या हेल्परनं नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा घरून डबा आणला.

त्यानंतर भट्ट्यांवर संक्रांत आली. १९ किलोच्या निळ्या टाक्या निम्म्या झाल्या आणि त्या जागी काळ्या काचेचे इंडक्शन बसले. छोटे मालक हातात चुंबक घेऊन सगळ्या भांड्यांना लावत फिरले. चिकटलं ते पास, सुटलं ते नापास. ज्यात माझी उमर शिजली ती ॲल्युमिनियमची पातेली एकजात नापास. भाकरीवाल्या मावशींचा लोखंडी तवा मात्र पहिल्या फटक्यात पास, आणि तेव्हापासून मावशी माझ्याशी जरा वरच्या पट्टीत बोलतात. पुढं कळलं की तवा तापतो, पण भाकरी शेकायला जाळ लागतो, आणि काचेतून काही जाळ येत नाही. मावशींनी परात पालथी घातली आणि हात धुतले. संध्याकाळच्या आत एक भट्टी परत आली, तीही मावशींच्या कोपऱ्यात. मला नाही मिळाली. आता खरं सांगायचं तर मे महिन्यात खांद्यावरचा पंचा कोरडा राहतो, हे सुख मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. छोट्या मालकांना हे कुणी सांगू नका.

तळणाच्या तेलात बुडवायचं एक यंत्रही आलंय. तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात जे खराब घटक तयार होतात, ते पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा सरकारी नियम आहे. नियम चांगला आहे, अशा तेलात तळलेलं मी माझ्या नातवाला देणार नाही. पूर्वी मी फेस बघून आणि वास घेऊन सांगायचो. यंत्राचं आणि माझं आजवर एकदाच बिनसलं, तेव्हा यंत्राची बॅटरी उतरली होती.

डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लावायचं काम हेल्परकडे आहे. त्यानं मिठाच्या डब्यावरही 'चार दिवसांत संपवा' लावलंय. समुद्राला हे अजून कळवलेलं नाही.

या सगळ्याची सवय झाली असती. पण रश्शाला माप लावलं तिथं मात्र माझं डोकं फिरलं. ताटाबरोबर तांबडा १५० मिली, पांढरा १५० मिली. कोल्हापुरात माणूस मटण विकत घेतो आणि रस्सा हक्कानं पितो. पाव्हण्याची वाटी रिकामी दिसली की वाढप्यानं विचारायच्या आत ओतायचं. आता वाढप्यानं आधी मशीनमध्ये नोंद करायची, आणि शून्य रुपयाचा पदार्थ ते मशीन घेत नाही. पहिल्याच रविवारी एका गिऱ्हाइकानं वाटी तोंडाला लावून मोकळी केली, दुसरी मागितली आणि वाढपी मशीनशी झटत असताना उठून थेट माझ्या पातेल्यापाशी आला. छोट्या मालकांनी माप काढून टाकलं. कागदावर मात्र १५० मिली अजून आहे, तपासणीला आलेल्या माणसाला दाखवायला बरं असतं म्हणे.

आता नवीन प्रकरण. मोबाइलवरून ऑर्डर घेण्यासाठी आमच्या एका भटारखान्याची चार हॉटेलं झालीत. एकाच्या नावात कोल्हापूर आहे, एकाच्या नावात चूल, एकाच्यात पाटील आणि चौथ्याच्यात आजी. रस्सा एकाच पातेल्यातला. पाटलांच्या रश्शाला पावणेपाच तारे आहेत आणि चुलीवरच्याला तीन. एकानं तर चुलीवरच्या रश्शाखाली लिहिलंय, "पाटलांकडून शिका." कुणी तांबडा मागवतो आणि खाली टीप टाकतो, तिखट नको, तेल नको, लाल रंग कमी. त्याला आम्ही पांढरा पाठवतो, आणि तो खूश होतो.

अडचण आजीची आहे. गिऱ्हाइकं आजींना फोनवर मागतात. मावशींना विचारलं तर त्या फणकारल्या, "माझ्या थोरलीचं लगीन व्हायचंय अजून, आजी कुणाला म्हंतासा?" छोट्या मालकांनी सगळ्या स्टाफवरून नजर फिरवली आणि ती माझ्या मिशीवर येऊन थांबली.

काल फोन आला. पलीकडची बाई भारावलेली होती. "आजींना द्या ना जरा, त्यांच्या हाताला माझ्या आजीच्या हाताची चव आहे."

माझा आवाज तंदूरच्या धुरानं बसलेला. मी म्हणालो, "आजी आता हाताशी न्हाईत ताई. बोकड फोडाय बसल्यात. मोकळ्या झाल्या की सांगतो."