'दोन वर्षं नोकरी बदलू नका': त्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पटली, निदान अर्धी तरी.

एमबीएला अर्ज करायचा असेल तर आधीची दोन वर्षं नोकरी बदलू नका, असं मी मागच्या लेखात ठोकून दिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे घरचं बरं असणाऱ्यांचे सल्ले आहेत. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आणि हातात ४० टक्के वाढीची ऑफर असताना, परदेशातल्या कॉलेजाच्या कुणा प्रवेश कमिटीला काय वाटेल म्हणून हिंजवडीत कुजत का बसायचं?

मान्य. तसा नियम कुठेच नाही. आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी या एक वर्षाच्या एमबीएसारख्या कोर्सला किमान २ वर्षांचा अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या अनुभवी लोकांसाठीच्या एक वर्षाच्या कोर्सला ४ वर्षांचा. पण तो एकूण, एकाच कंपनीतला हवा असं कुणी म्हणत नाही. कॅट या प्रवेश परीक्षेवरून निवडणाऱ्या कॉलेजांना तर याची आणखीच कमी फिकीर. तिथे अनुभवाचे महिने मोजतात, जुन्या कंपन्यांची रिलीव्हिंग लेटरं जपून ठेवली म्हणजे झालं. तेव्हा तो आकडा मागे घेतो.

मग एवढ्या हट्टानं का लिहिलं? हात पोळलेत म्हणून. मी जूनमध्ये कंपनी बदलली आणि सप्टेंबरच्या पहिल्या फेरीसाठी अर्ज भरायला बसलो. शिफारसपत्र नव्या मॅनेजरकडे मागितलं. माणूस भला, लगेच हो म्हणाला. चार दिवसांनी कँटीनमध्ये लॅपटॉप माझ्याकडे वळवून विचारतो, "अरे, इथे काय लिहू?" बऱ्याच परदेशी कॉलेजांच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न ठरलेला असतो: सुधारणेसाठी तुम्ही उमेदवाराला सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, कुठल्या प्रसंगी सांगितलीत, आणि त्यानं ती कशी घेतली? तीन महिन्यांत त्यानं मला एकच गोष्ट सांगितली होती: टाइमशीट शुक्रवारी ४ च्या आत भर. (भरत होतो.) जुन्या मॅनेजरशी नोटीस पिरियडवरून भांडून निघालो होतो. त्याला मेसेज केला, निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही.

स्टॅनफर्डला दोनातलं एक पत्र शक्यतो सध्याच्या थेट वरिष्ठाचं हवं असतं. इन्सियाड या फ्रान्समधल्या कॉलेजाच्या अर्जात विचारायचे, याच कंपनीत राहिलात तर तुमची पुढची पायरी कोणती? नव्या जागी अजून खुर्ची गरम झालेली नाही, पुढची पायरी कसली सांगताय!

तुमचं एक मात्र पटलं नाही. 'तीन कंपन्या म्हणजे तिप्पट शिकणं' असं तुम्ही म्हणता. शिकणं होत असेलही. पण ११ महिन्यांनी उठायचं म्हटलं की आपल्याकडे आयटीत बहुतेकदा गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष वापरात येण्याच्या, आधीच निघणं होतं. मग रेझ्युमेवर 'प्रोजेक्टमध्ये सहभाग' तीनदा येतं आणि 'हे मी पूर्ण केलं' एकदाही येत नाही. मुलाखत घेणारे नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तुमचा अर्ज पुढच्या सप्टेंबरात आहे. आता ऑक्टोबर. ९० दिवसांची नोटीस धरली तरी नव्या जागी आठ महिने मिळतात. पत्रापुरते पुरतात, घ्या ऑफर. अगदीच जमलं नाही तर वर्षभर थांबता येईल, जीमॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर ५ वर्षं चालतो.

फक्त राजीनाम्याचा मेल टाकण्याआधी सध्याच्या टीम लीडला चहाला न्या आणि पत्राचं तेव्हाच बोलून ठेवा. केटी, म्हणजे आपलं काम पुढच्या माणसाला समजावून देणं, नीट करा, शेवटच्या आठवड्यात लोक अंग काढून घेतात ते लक्षात राहतं. आणि आपण काय केलं ते घरच्या वहीत लिहून काढा: कुठला महिना, किती माणसं, किती तास वाचले. लॅपटॉप जमा झाला की हे कुठेच सापडत नाही. माझ्या दुसऱ्या प्रोजेक्टचा आकडा मला अजून आठवत नाहीये. अर्जात मी तिथे 'लक्षणीय' असं लिहिलं होतं.