मॅक्रोला सापडली नाही म्हणून स्टाइल बिनकामाची ठरत नाही

तुमचा आक्षेप असा: ‘वर्डमधल्या दोनशे बिनवापराच्या स्टाइल एकेक करून काढायला सांगता? दहा ओळींचा मॅक्रो हे काम क्षणात करतो, वर फाइलही हलकी होते.’ (स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचा नाव दिलेला संच; मॅक्रो म्हणजे वर्डकडून काम आपोआप करून घेणाऱ्या आज्ञा.)

एकेक काढायला सांगणं ही माझी चूक. स्टाइल पेनच्या तळाशी ‘मॅनेज स्टाइल्स’ आहे, त्यातून ‘इम्पोर्ट/एक्सपोर्ट’ उघडा, कंट्रोल दाबून हव्या तेवढ्या स्टाइल निवडा आणि डिलीट करा.

मॅक्रो मात्र आहे तसा चालवू नका. तो प्रत्येक स्टाइल ‘ॲक्टिव्हडॉक्युमेंट.कंटेंट’मध्ये, म्हणजे उघड्या फाइलीच्या ‘कंटेंट’मध्ये शोधतो आणि सापडली नाही की उडवतो. कंटेंट म्हणजे फक्त मुख्य मजकूर. तळटिपा, हेडर-फूटर, टेक्स्ट बॉक्स त्यात येतच नाहीत. त्यामुळे केवळ तळटिपांना लावलेली स्टाइल त्याच्या लेखी बेवारस. ती गेली की ते परिच्छेद ‘नॉर्मल’ होतात. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर फार तर आकार, समास बिघडतील. पण जुनी फाइल कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल आणि तो फॉन्ट स्टाइलमधूनच लागलेला असेल, तर तळटिपांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. त्या फाइलीत साठवलेली असतात रोमन अक्षरंच, त्यांना देवनागरीचं रूप देतो तो फॉन्ट. मुख्य मजकूर जागच्या जागी असतो, म्हणून हे चटकन लक्षातही येत नाही.

मॅक्रोच वापरायचा तर शोध ‘स्टोरीरेंजेस’वर, म्हणजे मुख्य मजकूर, तळटिपा, हेडर अशा फाइलीच्या सगळ्या भागांवर फिरवा आणि प्रत्येक भागात ‘नेक्स्टस्टोरीरेंज’ने त्याच प्रकारचा पुढचा भाग घेत, ते संपेपर्यंत पुढे जा. हेडरमधले टेक्स्ट बॉक्स तरीही निसटतात, ते डोळ्यांनी पाहा. तपासणी परिच्छेद आणि कॅरेक्टर स्टाइलपुरतीच ठेवा, टेबल स्टाइल ‘फाइंड’ला सापडत नाहीत. काढताना शेवटच्या क्रमांकाकडून पहिल्याकडे या. ‘फॉर ईच’मध्ये, म्हणजे यादीतली एकेक घेत पुढे जाणाऱ्या फेरीत, काढत गेलं की मधल्या काही सुटतात.

कुठेच न लावलेली स्टाइलही कामाची असू शकते. तिच्यावर इतर पाच बेतलेल्या असतील आणि 1.15 चं ओळअंतर तिच्यातूनच येत असेल, तर ती काढताच पाचही बिघडतील. म्हणून आधी प्रत्येकीची ‘बेसस्टाइल’, म्हणजे ती कोणत्या स्टाइलवर बेतली आहे ते बघा. वर्डच्या ‘इन यूज’ (वापरात असलेल्या) यादीवरही विसंबू नका, एकदा लावून नंतर मजकुरावरून हटवलेली स्टाइलसुद्धा तिथे मुक्काम ठोकून असते.

फाइल हलकी होण्याचं म्हणाल, तर डॉक्सएक्स, म्हणजे वर्डची फाइल, ही मुळात झिपच. स्टाइलचा एक्सएमएल मजकूर त्यात दाबून इवलासा होतो. फाइलीच्या प्रतीचं एक्स्टेंशन झिप करून उघडा आणि ‘मीडिया’ फोल्डर बघा. बहुतेकदा खरं वजन तिथल्या फोटोंचं असतं.