टेस्ट पास झाल्या, मग आता कसली सिद्धता?

सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपवर एक वाक्य अधूनमधून फिरत येतं: ‘फॉर्मल मेथड्स हा पीएचडीवाल्यांचा उद्योग. नीट टेस्टिंग केलं तर गरजच नाही, आणि त्या सिद्धतेची तरी खात्री कोण देणार?’

फॉर्मल मेथड्स म्हणजे प्रोग्रॅम ठरल्याप्रमाणेच वागतो हे गणिताने सिद्ध करणं. आता आधी ‘नीट टेस्टिंग’. नीट म्हणजे किती? ३२ बिटांच्या दोन संख्या घेणारं साधं फंक्शन धरा. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सगळ्या संपायला साडेपाचशेहून जास्त वर्षं लागतील. म्हणून आपण निवडक जोड्या तपासतो आणि बाकीचं रामभरोसे.

थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनचंच बघा. तयारीच्या प्रत्येक फेरीला एका बाइटच्या व्हेरिएबलमध्ये १ मिळवला जायचा. तिथे शून्य नसेल तर भागांची जागा तपासायची, शून्य असेल तर सगळं ठीक. पण बाइटमध्ये २५५ नंतर पुन्हा शून्यच येतं! म्हणजे दर २५६ व्या फेरीला तपासणी गुल. नेमक्या त्या क्षणी ऑपरेटरने ‘सेट’ दाबलं की बीम सुरू. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेत याकिमाला एका रुग्णाला असाच भलता डोस बसला. हा क्षण टेस्टरच्या हाती लागणं म्हणजे नशीबच. उलट ‘तपासणी बाकी असताना हे व्हेरिएबल कधीच शून्य नसतं’ एवढं विधान सिद्ध करायला बसा, गाडी त्या बेरजेपाशीच अडते.

पीएचडीवाल्यांचा उद्योग? पॅरिस मेट्रोची १४ नंबरची लाइन ऑक्टोबर १९९८ पासून ड्रायव्हरशिवाय धावते. तिचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर ‘बी’ नावाच्या फॉर्मल मेथडने सिद्ध करून लिहिलं. त्या कोडच्या सुट्या तुकड्यांच्या टेस्ट चक्क गाळल्या. एकत्रित चाचण्या मात्र घेतल्या.

‘सिद्धतेची खात्री कोण देणार’ या तिसऱ्या आक्षेपात दम आहे. एसईएल४ या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) २००९ च्या सिद्धतेत सी भाषेच्या सुमारे ८,७०० ओळींसाठी सिद्धतेच्या दोन लाखांच्या घरात ओळी लागल्या. प्रत्येक अ‍ॅपला हे परवडणारं नाही, हे मान्य. शिवाय चिप आणि कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) बरोबर आहेत, हे त्यात गृहीतच धरलं होतं. पण ते त्यांनी लिहून ठेवलं, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. ‘आडवा वेग मर्यादेबाहेर जाणार नाही’ हे गृहीतक एरियन-४ या रॉकेटच्या कोडबरोबर निमूट एरियन-५ मध्ये आलं. ४ जून १९९६ च्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट फुटलं. एरियन-४ वर तोच कोड छान चालत होता.