टोचा पडलाय, आता गप्प बसा

बदकाचं अंडं इन्क्युबेटरमध्ये २८ दिवस असतं. त्यातले पहिले २५ दिवस माणसाच्या हाताला काम असतं. अंडी फिरवा, पाणी घाला, तापमान ३७.५ अंशांवर आहे ना ते बघा. शेवटच्या तीन दिवसांत करायचं काहीच नसतं आणि खरे हाल तिथून सुरू होतात. (मस्कोव्ही बदक असेल तर २८ऐवजी ३५ दिवस. तोवर माणूस पुरता थकलेला असतो, त्यामुळे ढवळाढवळ जरा कमी करतो.)

२५व्या दिवशी फिरवणं बंद. फिरता ट्रे काढून तळाला खरखरीत जाळी किंवा न सरकणारं कापड अंथरायचं, कारण गुळगुळीत तळावर नवजात पिल्लाचे पाय दोन दिशांना फाकतात. आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास असते, ती ७० ते ७५पर्यंत न्यायची. हवेची भोकं पूर्ण उघडायची, कारण आता आतली मंडळी जास्त प्राणवायू ओढू लागतात. मग झाकण लावायचं आणि ते उघडायचं नाही. एवढी सोपी व्यवस्था. अडचण एकच, झाकण पारदर्शक असतं.

झाकण लावण्याआधी अंधार करून अंड्याच्या जाड टोकाला टॉर्च लावून बघावं. इतके दिवस हवेच्या पोकळीची कड जवळपास सरळ दिसत असते. आता ती एका बाजूला तिरपी घसरलेली दिसते. त्यानंतर त्या पोकळीत एक सावली हलायला लागते. ती चोच. पिल्लानं आतला पडदा फोडलेला असतो आणि फुप्फुसांनी पहिला श्वास घेतलेला असतो. या टप्प्यावर अंड्यातून टकटक ऐकू येते, मधूनच बारीक चिवचिवही. ती ऐकून भलीभली माणसं अंड्याशी बोलू लागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, बदकीण आईसुद्धा फुटायला आलेल्या अंड्यांना आवाज देते. फरक इतकाच की ती बोलून झाल्यावर चिमटा शोधायला जात नाही.

पोकळीतली हवा मोजकीच. ती वापरली जाते तसा कार्बन डायऑक्साइड वाढतो, पिल्लाच्या मानेचे स्नायू झटके देऊ लागतात आणि चोचीवरचा छोटा टणक दात कवचाला टोचा पाडतो. आतला पडदा फुटल्यापासून टोचा पडेपर्यंत एक दिवस सहज जातो, कधी दोन. टोचा पडला की आपल्याला वाटतं, आता तासाभरात पिल्लू हातात. प्रत्यक्षात तो टोचा आणखी २४ तास, कधी ३६ तास, होता तसाच दिसतो. माणसं इथेच खचतात.

आत मात्र गडबड चाललेली असते. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परतत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. फटीतून चोच चघळल्यासारखी हलताना दिसली तर समजावं, तयारी अजून बाकी आहे. अशा वेळी ‘जरासं सोलून देऊ या’ म्हणणाऱ्याला मी खोलीबाहेर बसवण्याच्या मताची आहे. टवका काढला की चालू रक्तवाहिनी फाटते, बलक बाहेर राहतो आणि मदतीचं पिल्लू दगावतं.

बरं, सोलायचं नाही म्हणून निदान झाकण उघडून बघणं? तेही नको. ओलसर हवा निघून जाते, टोच्याभोवतीचा पडदा वाळतो आणि पिसांना चिकटून बसतो. पिल्लाला आत फिरताच येत नाही. पांढरा, ओलसर पडदा ठीक. पिवळट-तपकिरी, चिवट झाला तर धोका. पाणी घालायचंच असेल तर भोकातून नळीनं घालावं.

उलटा घोटाळाही होतो. आधीचे २५ दिवस आर्द्रता फार ठेवली तर अंड्यातलं पाणी उडत नाही, पोकळी छोटी राहते आणि पिल्लू पाणथळ, फुगलेलं होऊन आतच गुदमरतं. एव्हाना अंड्याचं वजन सुमारे १३ टक्के घटलेलं हवं. ८० ग्रॅमचं अंडं ७०च्या आसपास यावं. म्हणून माझा भरवसा आर्द्रतामापकापेक्षा वजनकाट्यावर जास्त. मापक स्वस्तातला असेल तर त्याला ओलसर मिठाबरोबर घट्ट डब्यात काही तास कोंडावं. ७५ टक्के दाखवायला हवेत, जितका चुकेल तितकी वजाबाकी कायमची लक्षात ठेवावी.

हस्तक्षेपाची वेळ खरंच येते, पण क्वचित. आतून आवाज सुरू होऊन दिवस उलटला आणि कवच अखंडच असेल, तर पोकळीच्या वरच कवचाला सुईच्या टोकानं हळूहळू फिरवत हवेपुरतं भोक पाडावं. टोचा पडून दीड दिवस झाला, पडदाही वाळला, तर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसानं पडदा ओला करावा; नाकपुड्यांपासून लांब. ओल्या पडद्यात लाल रेषा दिसल्या की हात मागे, झाकण बंद, काही तास विसरा. टोचा निमुळत्या टोकाला पडला असेल तर जास्तच सबुरी, कारण पिल्लू आत उलटं बसलेलं असतं.

तयारी झाली की मात्र पिल्लू वेळ दवडत नाही. आतल्या आत फिरत कवचाला गोल काप देतं आणि डब्याचं झाकण उचकटावं तसं पायांनी टोपण ढकलून देतं. हे सगळं तुम्ही नेमके आंघोळीला गेल्यावर. परत येईपर्यंत एक ओलंचिंब, केविलवाणं, दमलेलं काहीतरी बाकीच्या अंड्यांना लाथा घालत फिरत असतं. त्याला उचलायचं नाही. पोटात बलक आहे, एक दिवस उपाशी राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. अंग वाळून पिसं फुगेपर्यंत ते आतच राहू दे. आणि त्याच वेळी शेजारच्या अंड्याला टोचा पडला असेल, तर त्याचं होईपर्यंतही झाकण बंदच.